आत्यासाठी बसवलेला कपॅसिटर

बाबा, माळ्यावरचा तुमचा गिटारचा अॅम्प आज खाली काढला. कल्याणच्या एका ऑर्केस्ट्रावाल्याने बंद पडला म्हणून टाकून दिलेला आणि तुम्ही व्हॉल्व्ह बदलून लग्नांत माईकला जोडलेला, तोच. आसनगावचा एक गिटारवाला तो मागतोय. अट एकच, आतलं सगळं मूळचं हवं, मागाहून जोडलेलं काही नको. शहापुरात असली जुनी व्हॉल्व्हची मशिनं दुरुस्त करणारी मी एकटीच, त्यामुळे जरा भावही खाते. पण तुमचा अॅम्प उघडताना हात जड झाला. तुमच्या शिस्तीप्रमाणे डावा हात पाठीमागे धरला होता, शॉक बसलाच तर छातीतून जाऊ नये म्हणून. एकदा विसरले तर धसईच्या मांडवात, पाहुण्यांसमोर ओरडला होतात, "हात मागं घे! मरायचंय काय?" तेव्हा भयंकर राग आला होता. आता ते ओरडणं ऐकायला मिळावं म्हणून मुद्दाम चुकावंसं वाटतं.

आत तारांच्या जुड्या तुमच्या त्या हळदीच्या दोऱ्याने बांधलेल्या. लग्नांतून उरलेला दोरा तुम्ही खिशात घालून आणायचात आणि आई म्हणायची, "दुनियेची लग्नं घेऊन येतात घरी." रंग उडालाय, गाठी मात्र तशाच आहेत.

मी शोधत होते तो आत्याचा कपॅसिटर. तो दिवस अजून डोळ्यांसमोर आहे: माझी हळद आहे, आणि गावभर लग्नाचे धवळे गाणारी तुमची बहीण ओट्यावर तोंड फिरवून बसलीय. आजारपणानंतर तिचा आवाज चिरका झालाय. "मी नाय गानार. भोंग्यातून आवाज फाटतो माझा. पोरीच्या लग्नात हसं नाय करायचं मना." तुम्ही समजूत घालत नाही. तिच्यासमोरच अॅम्प उघडता, चहा गार होईपर्यंत सोल्डरचे डाग देत बसता. "ह्यो कपॅसिटर टाकलाय. आता बघ, लोन्यासारखा आवाज येल." आत्या गायली आणि सगळा मांडव गप्प झाला. तेव्हापासून ती सगळ्यांना सांगते, भावाने माझा गळा शिवला.

आज तो सापडला. एक पाय पक्का डागलेला. दुसऱ्या पायावर रबरी नळी चढवून तो दोऱ्याने बाजूला बांधलेला, कुठेच न जोडलेला, म्हणजे कपॅसिटर असून नसल्यासारखा. आधी वाटलं, डाग सुटला असेल. पण तुमचा डाग सुटत नाही, आणि नळी काही आपोआप चढत नाही. बाबा, तुम्ही काहीच केलं नव्हतं! तो आवाज तिचाच होता. मी अॅम्पवर डोकं टेकून हसले आणि मग रडले.

आत्या आता माझ्याकडेच असते. ती जवळ येऊन उभी राहिली. "त्यो काडनार काय गो? त्याच्यामुलंच गायले मी." खरं सांगावं असं ओठांवर आलं होतं. तिला तिचा आवाज परत मिळाला असता, पण तुमच्याकडून मिळालेली ती एक वस्तू गेली असती. म्हटलं, "नाय काढत आत्या. त्याच्यामुळेच तर गायलीस." तिने अॅम्पवरून हात फिरवला आणि आत गेली.

हे पत्र तिच्या नजरेला पडू नये म्हणून चुलीत घालणार आहे. त्याआधी एवढंच सांगते. मघाशी गिटारवाल्याचा फोन आला आणि भाव खाणारी तुमची मुलगी त्याला म्हणाली, दुसरा बघा, मला हा दुरुस्त करता येत नाही.