पहिला छर्रा लाभ

सोलापूर, गुरुवार

रामहरी दाजींना वळसंग मुक्कामी अमृतचा नमस्कार, त्यातला निम्मा अक्कालाही पोचवावा. आमच्याकडं सगळी बरी आहेत. तुमचा गुडघा कसा आहे? (रोज तेल चोळून पुन्हा मोटारसायकलला किक मारत असाल, तर तेलाचा काय उपयोग?) शहाण्णव गुण पडले तरी कसे, असं तुम्ही फोनवर विचारलंत आणि पुढं तुम्हीच बोलत राहिलात, म्हणून लिहून कळवतो.

पिस्तुलाचा नाद आमच्या लेकीमुळं, संस्कृतीमुळं लागला. पोरीनं क्लबात नाव घातलं आणि बारावीचं कारण सांगून सोडलं. जागा वाया जाऊ नये म्हणून मी जाऊन उभा राहिलो. शिकवायला चन्नप्पा सर. अक्कलकोटकडचे, तोफखान्यातून निवृत्त (डाव्या कानात काहीच पोचत नाही, उजव्यात निम्मं). दहा मीटरवर कागद, साठ छर्रे, सव्वा तास वेळ. मी पडलो मार्केट यार्डातला तोलार, गाडी लागली की पोती उरकायची सवय. पहिल्या दिवशी वीस मिनिटांत साठ संपवले, त्यातले बरेच भिंतीला लागले. सर म्हणाले, सावकाश. मग इतका सावकाश झालो की वेळ संपली तेव्हा एकोणीस छर्रे डबीतच. पन्नाशीवरच्या गटात क्लबकडून एकच माणूस राज्याच्या स्पर्धेला जाणार, येत्या रविवारी निवड, आणि दाजी, मला जायचंच आहे. तीस वर्षं दुसऱ्याचा माल तोलला. एकदा स्वतःला तोलून बघावं असं लई वाटतंय.

शेवटी आबा आठवले. पायलीनं ज्वारी मोजताना ते घाई करत नसत आणि रेंगाळतही नसत. पहिल्या मापाला 'एक' म्हणायचं नाही, 'लाभ' म्हणायचं, हे तुम्हाला सांगायला नको. मीही तसंच केलं. मोठ्यानं लाभ, मग हात वर, मग छर्रा. मग दोन, तीन. दहा झाले की नवा कागद, पुन्हा लाभ. नजर सरांनी सांगितली तशी फक्त पिस्तुलाच्या टोकावरच्या माशीवर, म्हणजे नेम धरायच्या खुंटीवर (कागद धूसर दिसला तरी चालतो). साठ वेळेत झाले आणि दर कागदाला गुण वाढत वाढत शेवटच्यावर शंभरपैकी शहाण्णव. त्याच आनंदात तुम्हाला फोन केला, आणि तुम्ही दुसऱ्याच दिवशी स्टँडवर माझा फ्लेक्स लावलात.

तुमचा,
अमृत

ता. क. तो फ्लेक्स रविवारच्या आत उतरवा. मी लाभ म्हणालो की सरांना 'लांब' ऐकू यायचं. याला कागद लांब पडतोय, वय झालंय, दिसत नसेल बिचाऱ्याला, असं समजून ते दर वेळी बटण दाबून कागद जरा माझ्याकडं ओढत गेले. शेवटचा निम्म्या वाटेवर आला होता आणि मी माशी बघत होतो. काल विचारलं तर म्हणाले, "तुमीच लांब, लांब म्हणत होता की." मग पुऱ्या दहा मीटरवरून मारले. एक्काहत्तर. लाज वाटली, खोटं कशाला सांगू? तरी रविवारी जाणार. लाभच म्हणणार, पण मनातल्या मनात.

आणखी एक. अक्कानं त्या फ्लेक्ससमोर उभं राहून फोटो काढून सगळ्यांना पाठवलाय म्हणे. उतरवला तर ती रुसेल, तेव्हा राहू द्या. बघणाऱ्यांना फक्त लांबून बघा म्हणावं.