बिनरंगाची स्लाइड

मंगळवार, जानेवारी २००४, नाशिक

डोकं अजून भणभणतंय. दिंडोरीच्या त्या बाईंच्या यकृताचा तुकडा होता तरी केवढा! त्यातली एकच स्लाइड मी मुद्दाम बिनरंगाची ठेवली होती. अतिनील प्रकाशात तो तुकडा आपणहून लाल चमकतो का, एवढंच पाहायचं होतं; आजाराचं निदान त्यावरच ठरणार होतं. रंग चढला की ती चमक गेलीच. आणि लॅबमधल्या शिंदेताईंनी ती रंगवली! वर हसून म्हणतात, "मॅडम, एक राहिली होती, तीपण करून टाकली."

सगळ्यांसमोर मी त्यांना वाट्टेल ते बोलले. वीस वर्षं इमानेइतबारे स्लाइडी रंगवणाऱ्या बाईला. आता पेशंटला पुन्हा बोलवायचं, पुन्हा पोटात सुई. तिला काय तोंडाने सांगू?

घरी येऊन ॲप्रन धुवायला काढला. खिशात माझ्याच अक्षरातली चिठ्ठी, 'रंगवू नये'. स्लाइडला चिकटवायची राहिली होती.