इन्साफचं सुजलेलं नाक

आई, तुझ्या दोन्ही हातांवर ओठ टेकवते.

अस्यूतला मी मजेत आहे. गरोदरपणातल्या रक्तदाबावरच्या संशोधनासाठी परवा सत्कारही झाला. बाबांचा खोकला कसा आहे?

आपल्या धाकट्या इन्साफचा, माझ्या बहिणीचा, फोटो मिळाला. ‘नाक सुजलंय, म्हणजे मुलगाच! तुझी डॉक्टरकी मधे आणू नकोस,’ असं तू लिहिलंस. बरं, नाही आणत. फक्त तिचं डोकं दुखतं का, डोळ्यांपुढे काजवे चमकतात का, एवढं विचार.

नाहीतर नकोच विचारू. असे चेहरे पाहण्यातच माझा जन्म गेला, आई. त्यातले सगळे घरी परतले नाहीत.

पत्र घेऊन आलेला बखीत आमच्या इस्पितळाचा ड्रायव्हर आहे. इन्साफला आहे त्या कपड्यांत त्याच्या गाडीत बसव. आणि आयुष्यात एकदाच, दारी आलेल्या माणसाला चहा विचारू नकोस.

तुझी रावया