टेकडीवरची तार

मी, लालासाहेब रामजी फाळके, वय साठीच्या आसपास (जन्मसाल आईला आठवत नव्हते, फौजेने अंदाजाने लिहिले), धंदा रेडिओ दुरुस्ती, राहणार हिवरवाडी, तालुका कोरेगाव, जिल्हा सातारा, हे मृत्युपत्र शुद्धीवर असताना, कुणाच्याही दडपणाखाली न येता लिहून ठेवतो. दडपणाखाली मी आयुष्यात एकदाच बोललो, ते पुढे येईल. छातीचा फोटो पाहून डॉक्टरांनी मला सोडून नानासो गुरुजींना बाहेर बोलावले, तेव्हाच मी काय ते समजलो. मला बायको-मूल नाही. याआधी मृत्युपत्र केलेले नाही.

कलम १. दुकानातली हत्यारे, मीटर आणि व्हॉल्व्हचा डबा गावच्या शाळेला द्यावा. ग्रामपंचायतीचा कर्णा मी दर जत्रेला फुकट नीट केला आणि दर जत्रेला माझे आभार मानायचे राहून गेले. यापुढे तो कुणाकडून नीट करून घ्यायचा हे पंचायतीने बघावे.

कलम २. ओढ्याकाठचे अर्धा एकर रान सुलाबाई बिराप्पा कोळेकर हिला द्यावे. ती मूळची कवठे महांकाळकडची. बहात्तरच्या दुष्काळात मेंढरे संपली, नवरा गेला, तेव्हा इकडे खडी फोडायला आली आणि पुढे माझ्या घरी भाकरी करू लागली. तिच्याविषयी गावाचे काय बोलायचे ते बोलून झाले आहे, आता कुणी हरकत घेऊ नये.

या रानाची हकीकत लिहिली नाही तर हा कागद अर्धा खोटा ठरेल. माझे वडील वारल्यावर एका बड्या असामीने ते दाबले होते. मी तेव्हा फौजेत, वायरलेसच्या कामावर. बेचाळीसनंतर आमच्या भागात इंग्रजांचे राज्य नावालाच उरले होते, कारभार भूमिगत मंडळी बघत. त्यांच्या गावच्या न्यायमंडळाने एका बैठकीत ते रान माझ्या आईला, रंगूबाईला, परत मिळवून दिले. वकील नाही, तारीख नाही. दारू बंद झाली, बिनखर्चाची लग्ने लागली, रात्रीच्या चोऱ्या थांबल्या. असे राज्य मी पुन्हा पाहिले नाही. मंडळाचा मुख्य माझा थोरला चुलतभाऊ सयाजी, ज्याला मी दादा म्हणतो.

कलम ३. रान परत मिळाले त्याच्या पुढच्याच वर्षी मी रजेवर आलो. येताना एक मोडका रेडिओ आणला होता. बातम्या धड ऐकू येईनात म्हणून म्हसोबाच्या टेकडीवर पिंपरणीच्या झाडाला तांब्याची तार बांधून घरापर्यंत ओढली. अंगावर फौजी खाकी, हातात तार. कुणीतरी सांगितले, लाला पोलिसांना खबर देतोय. मंडळ बसले. मी म्हणालो, ही रेडिओची तार आहे, चला, ऐकवतो. कुणी ऐकायला आले नाही. तळव्यांवर काठ्या पडू लागल्यावर मी सगळे कबूल केले. त्यांनी विचारले नव्हते तेही कबूल केले. फौजेने मला घरी पाठवले. तेव्हापासून मी काठीशिवाय चाललेलो नाही, म्हणून बसून करायचा धंदा धरला.

दादाशी माझे बोलणे तुटले नाही. एका भावकीत ते तुटत नसते. पण त्या तारेविषयी त्याने मला कधी विचारले नाही, मीही विषय काढला नाही.

कलम ४. टीव्ही संच, अँटेना व तारेसह, चावडीत ठेवावा. पुण्याचा टॉवर आमच्या गावाला नीट दिसत नाही, अँटेना टेकडीवरच लावावा लागला. मला चढवेना. लांब बांबू दादाने खांद्यावरून वर नेला आणि त्याच पिंपरणीला बांधला. खाली येऊन म्हणाला, "लाला, आता तुजी तार गावाच्या कामाला आली बग." सगळे हसले. मीही हसलो, आणि त्या रात्री जेवलो नाही.

गेल्या साली एक इंग्रजी मालिका लागे. आकाशात एक शहर, तिथे कुणी उपाशी नाही, कुणी आजारी नाही, फक्त प्रश्न विचारणारा माणूस नाहीसा होतो. बाहेर खडकांत बंडखोर. फौजेत शिकलेल्या इंग्रजीवर मी माझ्या घरी जमलेल्या गावाला अर्थ सांगायचो. गाव बंडखोरांच्या बाजूचे, दादा पुढच्या खुर्चीत. एकटी सुलाबाई म्हणायची, "आवं, प्वाटभर खायाला घालतंय, ते सरकार वाईट कसं?" बंडखोरांनी शहराचे पाणी तोडले त्या दिवशी ती उठून चुलीपाशी गेली. पाण्यावाचून काय होते ते तिला टीव्हीने सांगायची गरज नव्हती.

पुढे एका भागात बंडखोरांनी आपल्यातल्याच एकाला फितूर ठरवून मारले. दादाने विचारले, "त्यो खरंच फितूर हुता का रं?"

मी म्हणालो, "न्हाई, दादा. पर त्यास्नी ते ठावं नव्हतं."

दादा पटका सावरत उठला आणि गेला. त्यानंतर ती खुर्ची रिकामीच राहिली. चावडीत संच ठेवताना ती खुर्चीही न्यावी आणि दादा आला तर त्यालाच द्यावी.

कलम ५. माझी एकच इच्छा आहे. ती तार रेडिओची होती, एवढे दादाने म्हणावे. आधी मी लिहिले होते की त्याने भावकीसमोर तसे म्हटले तर रानातला वाटा त्याला द्यावा. ते मी खोडले. अडवून घेतलेल्या कबुलीची किंमत माझ्या तळव्यांना माहीत आहे. म्हणून त्याला फक्त साक्षीला बोलावले आहे. साक्षीदाराला मजकूर ठाऊक असावा लागत नाही, तरी नानासो गुरुजींनी तो मोठ्याने वाचावा.

कलम ६. अग्नी पुतण्याने द्यावा. भाषण नको. दहाव्याला कावळा शिवला नाही तर माझी काय इच्छा राहिली याची घाटावर चर्चा करू नये, ती कलम पाचमध्ये आहे.

ठिकाण हिवरवाडी, दिनांक ११ फेब्रुवारी १९७९.

लिहून ठेवणार: लालासाहेब रामजी फाळके (सही)

आम्हा दोघांसमक्ष त्यांनी सही केली व त्यांच्यासमक्ष आम्ही केली.

साक्षीदार १. नानासो केशव माने, शिक्षक (सही). सर्व मजकूर मोठ्याने वाचला.

साक्षीदार २. सयाजी बाळा फाळके (सही). ऐकलं. तार रेडिओची हुती. मला दुसऱ्याच दिवशी कळलं हुतं. निकाल फिरवला असता तर मंडळावर कुणी इस्वास ठेवला नसता.