मालनवहिनीचा ट्रे

घाटकोपर,
रविवार, १२ फेब्रुवारी १९८४

ती. सौ. मालनवहिनीस,
सुगंधाचा नमस्कार.

तुझं पत्र मिळून पंधरा दिवस झाले. दोनदा उत्तर लिहायला बसले आणि दोनदा कागद फाडला. इकडे आम्ही सगळे बरे आहोत. सहदेवदादा गेल्या रविवारी येऊन जेवून गेला. वाकोल्याचं वॉचमनचं काम त्याला अजून रुचलेलं नाही. गिरणी सुरू होईल असं आता तोही म्हणत नाही. तुझा आणि पोरींचा विषय निघाला तसा हात धुवायला उठला. तुम्ही गावी, तो इथे, असं किती दिवस चालणार?

एक बातमी तुला कळवायची राहिली. राहिली म्हणजे मीच ठेवली. नव्या बायकांना इंजेक्शनच्या काचेच्या ॲम्प्युल तपासायला शिकवायचं काम कंपनीने माझ्याकडे दिलं आहे. मी असले की माझ्याजवळ बसणाऱ्या बायकांचे ट्रे परत येत नाहीत म्हणून.

आता तुझ्या पत्राविषयी. कुंदाने जळून तुझा ट्रे बदलला आणि त्यामुळे तुला पर्मनंट केलं नाही, असं तू पुन्हा लिहिलं आहेस. मागच्या वेळी मी "असेल बाई" असं उत्तर दिलं होतं. वहिनी, ते खोटं होतं. ट्रे कुणी बदलला नव्हता. तो तुझाच होता.

जेवणाच्या सुट्टीत मी मागे थांबायचे, आठवतं? तू विचारायचीस, "गो, तुका भूक नाय लागत?" मी म्हणायचे, थोडं काम आहे. ते काम म्हणजे तुझा ट्रे. तू पास केलेली एकेक ॲम्प्युल मी पुन्हा उजेडात धरायचे आणि त्यातल्या कण-तंतू असलेल्या बाद काढून टाकायचे. कधी तीन, कधी सात. मग ट्रे पुढे कुंदाच्या टेबलावर फेरतपासणीला जायचा. पाच महिने असं चाललं. नोव्हेंबरात मला कावीळ झाली, मी आठ दिवस घरी होते, आणि त्याच आठवड्यात तुझे दोन ट्रे परत आले. कुंदाने तुझं काही वाईट केलं नाही. तिने तुझा ट्रे पहिल्यांदाच जसा होता तसा बघितला.

तुझी चूक काय होती ते मला पहिल्याच आठवड्यात कळलं होतं. तू ॲम्प्युल नुसत्या काळ्या पाटीसमोर धरून बघायचीस. काळ्यावर पांढरा कण दिसतो, पण काळा तंतू दिसत नाही. त्यासाठी पांढरी पाटी. एवढंच. दोन मिनिटांत सांगून झालं असतं.

सांगितलं नाही. पहिल्या दिवशी सुपरवायझर शांताबाई तुला चार बायकांसमोर बोलल्या तेव्हा तुझे डोळे भरले होते, ते मला बघवलं नाही. शिवाय तू मोठी वहिनी, लग्न होऊन आलीस तेव्हा मी परकरात होते. मी तुला काय शिकवणार? हे मी स्वतःला सांगत होते. पण खरं सगळं सांगते. तू माझ्या शब्दावर कामाला लागली होतीस. तुझे ट्रे परत आले असते तर माझं नाव खराब झालं असतं. मी तुला नाही, मला सांभाळत होते. आणि त्यावरच मला बढती मिळाली. याची मला लाज वाटते.

गुरुवारी हे सगळं मी शांताबाईंना सांगितलं.  त्या म्हणाल्या, "मग तू शिकवलंस काय तिला?" काहीच नाही, असं मी सांगितलं. तेव्हा म्हणाल्या, "पाच मार्चला नवीन बॅच घेतोय. तिला घेऊन ये. पण शंभर ॲम्प्युलची टेस्ट माझ्यासमोर. आणि ती परत नापास झाली ना, तर तुझं शिकवणं बंद, तूसुद्धा परत बेल्टवर." मी हो म्हणून आले.

तीन आठवडे आहेत. काचेची छोटी, स्वच्छ बाटली घे. पाणी भर, त्यात कापसाचा एक तंतू आणि केसाचा बारीक तुकडा टाक. एका पुठ्ठ्यावर काळं कापड लाव, दुसऱ्यावर कोरा कागद. बाटली हळू उलटी कर, हलवू नको, फेस येतो. पाणी फिरत असतानाच बघायचं. काळ्यासमोर पाच अंक मोज, मग पांढऱ्यासमोर पाच. जमलं की थोरलीला अशा चार-पाच बाटल्या भरायला सांग, एखादीत काहीच न टाकता. कशात काय टाकलं ते तिने तुला सांगायचं नाही.

माझा राग आला असेल तर ये आणि तोंडावर बोल, पण ये. रागापायी घरी बसू नको. दादाला मी अजून काही सांगितलेलं नाही, तुला हवं तर तू सांग. कुंदाला मात्र मी सांगितलं. ती एवढंच म्हणाली, "तिचा हात चांगला आहे गं. कुणीतरी नीट दाखवायला हवं होतं."

या वेळी जेवणाच्या सुट्टीत मी तुझ्याबरोबर जेवेन. तुझा ट्रे टेबलावरच राहील आणि तू ठेवलास तसाच कुंदाकडे जाईल. चुकलीस तर तिथल्या तिथे सांगेन, सगळ्यांसमोर. तुझे डोळे भरले तरी सांगेन.

पोरींना आशीर्वाद.

तुला अजून काहीच न शिकवलेली,
सुगंधा