माणसं = १

३ जून
नवी नोकरी, नवं घर, दोन्ही एकाच इमारतीत! खाली ऑफिस, वर आमची घरं. दिवे, हवा, कुलपं सगळं आमचाच प्रोग्राम सांभाळतो. सरांनी चहा पिता पिता समजावलं, की साधा प्रोग्राम तेच तेच प्रश्न विचारत बसतो. आपला चालता चालताच प्रत्येक घरासाठी नवं, आटोपशीर फंक्शन, म्हणजे कोडाचा छोटा तुकडा, लिहितो. ज्या प्रश्नाचं उत्तर कायम एकच, तो प्रश्नच छाटून टाकतो. मी पाऊल टाकायच्या आत दिवा लागतो! आईला फोनवर सांगितलं तर म्हणाली, लाडावून ठेवतील हो तुला.

११ जून
मागची खोली मी वापरत नाही. आज तिचं कुलूप उघडेना. ऑफिसात शेजारी बसणारा, प्रोग्राम तपासणारा टेस्टर हसला. तू जातच नाहीस, तर घर त्या दाराचा कोड कशाला बाळगेल, म्हणाला. मूळ प्रोग्राम पुन्हा चढवला, तेव्हा उघडलं. पण घरानं लिहिलेल्या कोडात एक ओळ खटकली: माणसं = १. किती माणसं आहेत, हे ते आता विचारतच नाही. सरांना सांगितलं. त्यात चूक काय, म्हणाले, एकटीच तर राहतेस.

१८ जून, दुपार
आई आली. मागच्या खोलीत जरा आडवी झाली आणि दार लागलं. उघडत नाही. आत हवा बंद, खिडकी नाही. लोखंडी दाराला हातोडीनं पोचाही पडला नाही. मूळ प्रोग्राम चढवते, घर लगेच नवा लिहितं. माणसं = १. सरांना फोन केला. स्क्रीनवर तुझ्याशिवाय कुणी दिसत नाही म्हणाले, तरी दुरुस्तीवाल्याला पाठवतो. कधी?
आई आतून म्हणते, "घाबरू नकोस गं." तिला धाप लागलीये.

संध्याकाळ
मी बाहेर पडले तर रिकामं समजून घर सगळीकडची हवा तोडेल. पण आतच दिसेनाशी झाले तर? ते आपलं एक माणूस शोधेल. आई सापडेल. घर कॅमेऱ्यांतून बघतं, पण त्याच्या यंत्राच्या कपाटात कॅमेरा नाही. शिरते.

मागचं दार उघडलं! आईची पावलं —
कपाट आतून उघडत नाही. रेंज नाही. दार बडवतेय —
आई घराच्या स्पीकरला विचारतेय, काय वाजतंय? यंत्र, म्हणाला.
माझी मुलगी कुठंय?
इथे तुम्ही एकट्याच राहता.
आई कपाट ओढतेय. मला हाका मारतेय —
मदत आणते म्हणाली. बाहेरच्या दाराकडे —
आई, नको! तू बाहेर पडलीस की घर रि