सहा ससाण्यांचा दाखला

मी, मल्लिनाथ विरुपाक्ष कोरे, वय ६६, निवृत्त पशुधन पर्यवेक्षक, राहणार अणदूर, ता. तुळजापूर, जि. धाराशिव, हे मृत्युपत्र स्वतःच्या हातानं, पूर्ण शुद्धीत, कुणाच्याही दबावाशिवाय लिहून ठेवतो. गुडघे गेले आहेत, डोकं जागेवर आहे. तसा डॉक्टरांचा दाखला जोडला आहे. दाखल्यांवर माझा फारसा विश्वास उरलेला नाही, त्याचं कारण कलम चारमध्ये येईल.

१. राहतं घर आणि विहिरीजवळची दोन एकर जमीन मुलगा नंदीश याला. अंगणातल्या कडुनिंबाला हात लावायचा नाही. गाडीवर पानं पडतात ही तक्रार मी जिवंतपणी ऐकली, मेल्यावर ऐकणार नाही.

२. बँकेतली ठेव सून शिवलीला हिला. नंदीशनं रुसू नये. माझी पत्नी लिंगैक्य शिवम्मा हिला शेवटच्या दुखण्यात घास भरवला तो शिवलीलानंच.

३. दुर्बीण मेहुणे गौरीशंकर यांना. ती सहा वर्षं त्यांच्याकडंच आहे, तेव्हा देण्याचे कष्ट नाहीत. ससाण्याला ते अजूनही घारच म्हणतात.

४. सूक्ष्मदर्शक, काचपट्ट्यांसह. याबाबत जरा सविस्तर लिहावं लागेल.

अकरा वर्षांपूर्वी, बाहेरच्या एका केंद्रात वाढवलेले सहा ससाणे आमच्या डोंगरावर सोडायचं ठरलं. तिथं ससाण्यांची एकच रानटी जोडी उरली होती. दवाखान्यात डॉक्टरांची जागा रिकामी, म्हणून पक्षी निरोगी असल्याचा दाखला मी द्यायचा होता. एक दिवस विष्ठा तपासली, काही दिसलं नाही, सही ठोकली. सोडण्याच्या समारंभाचा मांडव उभा होता, पाहुणे येऊन बसले होते.

पिंजऱ्यांच्या किल्ल्या आमच्या परिचर नागम्माबाईंकडं असत. तेव्हा मी त्यांना अगं-तुगं करायचो. या कागदावर करणार नाही. त्या किल्ल्या कनवटीला लावून पिंजऱ्यापुढं बसल्या.

“सायेब, बाजारातनं आणलेली शेळी आमी पंधरा दिस येगळी बांधतो. तिच्या पोटातलं घरच्या शेरडांत नगं म्हणून. ह्या पाखरांला लगीच सोडायलात व्हय?”

“मला शिकवतेस? तीस वर्षं जंत बघतोय मी!”

“मग अजून तीन दिस बघा. काय जातंय?”

शेळ्यांच्या मालकांना मी जन्मभर हेच सांगत फिरलो होतो. ससाणा उंच उडतो म्हणून त्याला पोटच नसतं, असं काहीतरी माझ्या डोक्यात बसलं असावं.

किल्ली मिळेना. पाहुणे चहा पिऊन गेले. तिसऱ्या दिवशी काचेवर अंडी दिसली, दोन्ही टोकांना बूच मारलेली. जंत केसासारखे बारीक, पण पक्ष्याचा घसा आणि आतडी पोखरणारे. त्यांची अंडी रोज पडत नाहीत. सहांपैकी चार पक्ष्यांत ती निघाली. त्यांना तसंच सोडलं असतं, तर डोंगरावरच्या जोडीलाही लागण झाली असती आणि सोबत द्यायला जाऊन आम्ही तिलाच मारलं असतं. औषध दिलं, पुन्हापुन्हा तपासलं, अडीच महिन्यांनी सोडलं. आज त्या कड्यावर ससाण्यांची तीन घरटी आहेत.

पेपरात माझ्या दक्षतेची बातमी आली. सत्काराची शाल मी घेतली आणि नागम्माबाईंचं नाव काढलं नाही. याची मला आजही लाज वाटते. नोकरीत मी पुष्कळ साहेब पाहिले. एवढं स्वच्छ डोकं आणि एवढी हिंमत एकातही पाहिली नाही.

म्हणून या मृत्युपत्राच्या कच्च्या मसुद्यात सूक्ष्मदर्शक त्यांनाच लिहून दिला होता आणि पहिल्या साक्षीदारही त्याच होत्या. वकील म्हणाले, ज्याला मिळायचं त्याला साक्षीदार करू नये. बाईंनी क्षणभरही विचार केला नाही. म्हणाल्या, “यंत्र माझ्या शिवानीला द्या. मला सही करू द्या. त्या दाखल्यावर माझी ऱ्हायली व्हती.”

सबब सूक्ष्मदर्शक त्यांची मुलगी शिवानी हिला. ती रक्त तपासणीच्या प्रयोगशाळेत कामाला आहे, तिची नजर माझ्यापेक्षा बरी आहे. या थंडीत आणखी आठ पक्षी येणार आहेत. ते आधी वेगळे ठेवावेत, तीनदा तपासावेत. मांडव नंतर.

शाल मात्र मी आजच, जिवंतपणी, नागम्माबाईंना दिली. त्याला वकिलांची हरकत नाही.

ठिकाण: अणदूर
दिनांक: १२ नोव्हेंबर २०२५
(सही) मल्लिनाथ विरुपाक्ष कोरे

साक्षीदार:
(सही) उत्तरेश्वर गोरोबा माने, शेजारी. १२ नोव्हेंबर.
(सही) नागम्मा वीरप्पा हत्तुरे, निवृत्त परिचर. १५ नोव्हेंबर. कागद तीन दिवस घरी ठेवला, तीनदा वाचला, मग सही केली.